गाठीच्या खालची फूट

संत्र्याच्या गावात मी एकोणतीस वर्षं द्राक्षाचे वेल विकले. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग मला वाईट वाटू नये म्हणून विचारतो, "पण इथं येतात का हो?" येतात. नागपुरात सगळं येतं, फक्त मे महिन्यात ते जिवंत ठेवावं लागतं.

संपादकांनी "धंद्यातल्या गमती लिहा" असं सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत. पण त्यातली एक अशी, की तिची गंमत व्हायला सात वर्षं लागली आणि त्यातली दोन वर्षं मी ती कुणालाही सांगितली नाही. यंदाच्या होळीला ती एकदाची मिटली, म्हणून मोकळ्या मनाने लिहायला बसले आहे. नाहीतर संपादकांना "हात दुखतो" असं सांगून टाकलं असतं.

माझी नर्सरी नंदनवनच्या टोकाला होती. लग्न होऊन आले तेव्हा ती सासऱ्यांची होती आणि तिथे फक्त संत्र्याची कलमं बनत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जंबेरीचं, म्हणजे एका रानवट लिंबाचं रोप वाढवायचं. त्याच्या सालीला चीर देऊन आत संत्र्याचा एक डोळा बसवायचा आणि वरून पट्टी घट्ट बांधायची. डोळा जगला की वरचं जंबेरीचं झाड कापून टाकायचं. खाली मूळ जंबेरीचं, वर झाड संत्र्याचं. जोड जिथे बसतो तिथे गाठ येते. त्या गाठीच्या वरून जे फुटतं ते संत्रं, खालून फुटतं ते जंबेरी. खालची फूट दिसली की खुडायची, नाहीतर ती वरच्याला खाऊन टाकते. आमचा सगळा धंदा त्या एका गाठीवर चालतो.

सासरे डोळे भरायचे आणि मी मागे बसून पट्टी बांधायची. नाव डोळा भरणाऱ्याचं असतं, पट्टी बांधणारीला कोण विचारतो! पण बांधता बांधता माझं लक्ष त्यांच्या चाकूवर असायचं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा चाकू माझ्या हातात आला, आणि पहिल्याच हंगामात दोन बागवाल्यांनी "बाईच्या हातची कलमं नको जी" म्हणून रिकामी गाडी परत नेली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की माझ्या हातचं एकही कलम खोटं निघता कामा नये. पुढे संत्र्याची कलमं करणारे गल्लोगल्ली झाले, तेव्हा मी अंगणातल्या द्राक्षाकडे वळले. पण तो हट्ट तसाच राहिला.

अंगणातलं द्राक्ष म्हणजे बाजारातलं द्राक्ष नव्हे. ती लांबट, हिरवी, बिनबियांची द्राक्षं दिसायला राजस, पण औषधावर वाढलेल्या लेकरासारखी नाजूक. पावसाळ्यात पानांवर करपा येतो, मग केवडा येतो, थंडीत भुरी येते. बागाईतदार पंप घेऊन उभाच असतो. आपल्या अंगणात कपडे वाळत असतात, मनी मांजर झोपलेली असते, तिथे कुणी दर आठवड्याला फवारे मारायचे? म्हणून मी एकच जात विकायची. काळी, गोल, बियांची, जाड सालीची. बोटात दाबली की आतला गर टुपकन तोंडात येतो. जरा आंबटगोड, पण वास असा की फाटकातून आत आलेल्या माणसाने विचारावं, काय पिकलंय? रोगराईला ती फारशी भीक घालत नाही. नर्सरीत तिचं नाव नुसतं "काळी".

तिलाही मी कलमावरच द्यायची. नागपूरची काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथे तगायला मूळ दांडगं लागतं. म्हणून खाली रानवट द्राक्षाचा खुंट आणि वर काळी. हा खुंट म्हणजे द्राक्षातली जंबेरी. ऊन, चिखल, रोग, कशानेही मरत नाही. फक्त त्याला खाण्याजोगं फळ येत नाही.

आता गिऱ्हाइकं. मिहानमध्ये कॉम्प्युटरवर काम करणारी एक मुलगी होती, ती रोज सकाळी सात वाजता मला पानाचा फोटो पाठवायची. "काकू, हा कोणता रोग?" मी चष्मा लावून पाहायची आणि लिहायची, "ही धूळ आहे. पुसा." एकदा खरंच करपा आला तर तिने महिनाभर कळवलंच नाही. म्हणाली, "मला वाटलं धूळ आहे." चूक कुणाची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसरे गांधीबागेतले एक कापडवाले शेठ. त्यांच्या गच्चीवर मी मोठ्या ड्रममध्ये काळी लावून दिली. ती अशी फोफावली की शेजारच्यांच्या अँटेनापर्यंत गेली. द्राक्षं मात्र नाहीत. द्राक्षाचा वेल वर्षातून दोनदा कापावा लागतो, एकदा उन्हाळ्याच्या तोंडी आणि एकदा दसऱ्याच्या आसपास, कारण फळ नव्या फुटीवर येतं. शेठ कापू देईनात. म्हणायचे, "बाई, हरी बेल है, बरकत है, कैंची मत लगाओ." शेवटी ते माल घ्यायला बाहेरगावी गेले तेव्हा शेठाणींनीच मला फोन केला, "आ जाओ, चार दिन नहीं हैं." मी जाऊन सगळा वेल सोलून ठेवला. परत आल्यावर शेठचा फोन आला, "बाई, ये तो मुंडन कर दिया तुमने!" सहा महिने बोलले नाहीत. होळीला घड लोंबले तेव्हा मिठाई घेऊन आले, आणि आता स्वतः लोकांना छाटणी शिकवतात. या शेठच्या वेलाची पुढे एकदा गरज पडणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

आता ती गोष्ट.

सात वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या रविवारी नर्सरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाऊस पडला की अख्ख्या नागपूरला एकाच दिवशी झाडं लावायची आठवण होते. त्या गर्दीत नामदेवकाका आले. सत्तरी ओलांडलेले, धोतर-टोपी, पायात जाड वहाणा. काटोलकडे त्यांची संत्र्याची बाग होती. बायको गेल्यावर मुलाने नंदनवनात आणून ठेवलं होतं आणि बाग भाचा पाहायचा. म्हणाले, "बाई, अंगणात हात चालवाले काही तरी द्या. बसून बसून माणूस गंजून राहिला." मी काळीचं एक रोप उचलून त्यांच्या हातात दिलं. प्रत्येक रोपाला मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा एक बिल्ला बांधायची, त्यावर खिळ्याने "काळी" असं कोरलेलं.

काकांनी रोप घेतलं, पिशवी फिरवली, आणि अंगठा बरोबर गाठीवर नेऊन ठेवला. संत्रेवाला कुठलंही रोप असंच पाहतो. पट्टी अजून सोडलेली नव्हती. त्यांनी जरा डोळे बारीक केले आणि विचारलं, "बाई, ही फूट गाठीच्या खालून तर नाई ना निघाली?"

माझ्या एका हातात कुणाचं तरी मोगऱ्याचं रोप होतं, कानाशी फोन होता. मी वाकून पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, "काकाजी, संत्र्याचं वेगळं, द्राक्षाचं वेगळं. बिल्ला पाहा ना, माझ्या हातचा हाये."

काकांनी बिल्ला पाहिला आणि अंगठा काढून घेतला. "बरं जी. तुमी म्हणता तर."

वेल त्यांनी फाटकाशी लावला, लोखंडी पाइपांचा मांडव घातला आणि तो बिल्ला पाइपाला बांधून ठेवला. कधी दुकानापाशी भेटले की सांगत, "बाई, काय वेल हाये! एकबी डाग नाई पानावर." त्या पावसाळ्यात सगळ्यांच्या वेलांना थोडाफार करपा आला होता, माझ्या स्वतःच्या वेलालासुद्धा. काकांच्या नाही. मी ते कौतुक अंगावर घेतलं. आपल्याच कलमाची तारीफ कुणाला नको असते! छाटण्या मी सांगेन तशा ते करत होते, पण दुसऱ्या वर्षी द्राक्षं आली नाहीत. म्हटलं, वेल लहान आहे. तिसऱ्या वर्षीही आली नाहीत.

मग त्यांनी संत्र्याची विद्या काढली. संत्र्याला बहार आणायचा तर ताण देतात. थंडीत पाणी तोडायचं, बुंध्याशी माती उकरायची, झाड पानं गाळतं, हवालदिल होतं, आणि मग पाणी दिलं की भीतीने फुलून येतं. काकांनी द्राक्षाला ताण दिला. त्यांची सून प्रीती मला फोनवर म्हणाली, "काकू, बाबांनी वेलाचं पाणी बंद केलं आहे महिनाभर. तुम्ही जरा येऊन सांगा ना, मरून जाईल तो."

मी गेले तेव्हा त्यांनी पाणी पुन्हा सुरू करून आठ-दहा दिवस झाले होते. वेल मेला नव्हता. उलट असा हिरवागार फुटला होता की जणू काकांनी त्याला थंड हवेच्या ठिकाणी पाठवून परत आणलं होतं. आणि तिथेच मला शंका आली. काळी सोशीक आहे, पण एवढी नाही. मी एक पान उलटं करून पाहिलं. काळीचं पान तळहाताएवढं, खालून पांढुरकं. हे लहान, गोलसर, जाड. खाली बसून उकरलेल्या मातीत पाहिलं. गाठ होती. गाठीच्या वर बोटभर वाळका खुंटा होता. आणि गाठीच्या खालून, दोन बोटं अंतरावरून, मनगटाएवढं खोड वर गेलं होतं.

माझं कलम पिशवीतच मेलं होतं. पट्टीखालून खुंटाची फूट वर आली होती, ती मी काळी समजून बिल्ला बांधून विकली होती. रोग नाही, डाग नाही, ताणाचं दुःख नाही, आणि जन्मात द्राक्षं येणार नाहीत. काका तीन वर्षं खुंट सांभाळत होते.

काका मागे उभे होते. म्हणाले, "काय चुकलं जी माझं?"

आता खरं म्हणजे एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. पण मला ती रिकामी परत गेलेली गाडी दिसली, "बाईच्या हातची कलमं" दिसली. मी उठले, पदराला हात पुसले आणि म्हटलं, "काही नाही काकाजी, पुढच्या वर्षी येतील." आणि चहा पिऊन घरी आले.

त्यानंतर मी त्यांच्या गल्लीतून जाणं सोडलं. भाजी आणायची तर वळसा घालून जायची. चुकीचं कलम हातून निघतं, ते कुणाच्याही हातून निघेल. पण मी जे केलं ती चूक नव्हती, ती लबाडी होती, आणि ती मला रोज कळत होती. पुढल्याच वर्षी गुडघे बोलायला लागले आणि मी नर्सरी बंद केली. शेवटच्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं भेटायला आली, त्यात काकाही आले, भाच्याच्या बागेतली संत्र्यांची पिशवी घेऊन. म्हणाले, "बाई, मनात ठेवू नका. रोप तुमचं चांगलंच होतं, माझ्याच हातानं बिघडलं. संत्र्याचं वेगळं, द्राक्षाचं वेगळं, तुमी सांगितलंच होतं." माझंच वाक्य मला परत दिलं, आणि वरून संत्री. ती मी एकही खाल्ली नाही, सगळी वाटून टाकली.

पाचव्या वर्षी, मार्चच्या शेवटी प्रीतीचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज दबका होता. "काकू, बाबांनी उद्या वेल तोडायला माणूस बोलावला आहे." मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "ते म्हणतात, हात गेला माझा. वेलाचं जाऊ द्या हो काकू, पण ते आजकाल भाच्याचा फोनसुद्धा घेत नाहीत. रोज संध्याकाळी बागेचं बोलायचे तासभर. कोणत्या झाडाला काय झालं, कुठं पाणी द्यायचं. आता म्हणतात, ज्याले घरचा एक वेल नाई आला, त्यानं लोकाच्या बागेत तोंड काहून घालावं? दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात."

म्हणजे माझ्या दोन वर्षांच्या गप्प बसण्याने एवढं केलं होतं. एका माणसाची साठ वर्षांची विद्या मी न बोलता खोटी ठरवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्यांच्या फाटकात होते. वेल तोडणारा माणूस करवत बाजूला ठेवून ओट्यावर चहा पीत होता. काका खुर्चीत बसले होते, वेलाकडे पाठ करून.

मी म्हटलं, "काकाजी, इकडे या जरा." ते आले. मी गुडघ्यांना शिव्या देत खाली बसले, हाताने माती बाजूला केली, त्यांचा हात धरला आणि अंगठा गाठीवर ठेवला.

"काकाजी, रोप घेताना तुम्ही मले एक विचारलं होतं."

"काय जी?"

"फूट गाठीच्या खालून तर नाही ना."

काकांचा अंगठा हलला. गाठीवरून वर, वाळक्या खुंट्यावर. मग खाली, खोड जिथून निघालं होतं तिथे. आणि तिथेच थांबला.

"खालूनच होती," मी म्हटलं. "मी तेव्हा पाहिलं नाही. मागं तुम्ही ताण दिला तेव्हा पाहिलं, आणि तुम्हाले बोलले नाही. हा वेल काळीचा नाहीच. खुंट हाये."

"म्हणजे मी पाच वर्षं जंबेरीले पाणी घालून राहिलो?"

"तसंच समजा."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले, पण माझ्यावर नाही. घराकडे तोंड करून ओरडले, "प्रीती! ऐकलं का वं? मी बरोबर होतो! मी पहिल्याच दिवशी म्हणलं होतं, फूट खालून हाये!" प्रीती हातातला झाडू घेऊन धावत आली. काका हसत होते आणि डोळे पुसत होते. "तो वाळका खुंटा मी रोज पाहत होतो जी. रोज! मनात यायचं, हे तर संत्र्याच्या मेल्या कलमासारखंच दिसून राहिलं. पण तुमी म्हणल्या होत्या ना, वेगळं असते. मंग म्हटलं, माझेच डोळे गेले असन."

मग हसू थांबलं. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "पण मागं दिसलं होतं, तर काहून नाई सांगितलं?"

"लाज वाटली काकाजी."

"मले पण वाटत होती," ते म्हणाले. "दोघंबी लाजून बसलो, आन् वेल आपला वाढून राहिला."

एवढंच. कानाखाली बसली असती तरी चाललं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. पण छातीवरचं ओझं जे उतरलं, त्याने मी तिथेच मातीत बसून राहिले. प्रीतीने हात दिला तेव्हा उठले.

आता या गोष्टीतली खरी मजा धंद्यातली आहे. खुंटाचं मूळ पाच वर्षांत एवढं खोल गेलेलं होतं की त्याच्यावर कलम केलं तर ते घोड्यासारखं पळणार. मोठे द्राक्षवाले तेच करतात, आधी खुंट जमिनीत लावतात आणि मागाहून त्यावर कलम करतात. म्हणजे माझ्या चुकीने काकांनी नकळत बरोबर काम करून ठेवलं होतं, फक्त अर्धं. मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "किती दिवस लागते?"

"फळ यायले दोन वर्षं."

"दोन वर्षं," ते म्हणाले. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरचे होते. "बरं. थांबतो मी." जणू बसची वाट पाहायची आहे. मग ओट्यावरच्या करवतवाल्याला म्हणाले, "ऊठ गा, चाल. कापाचाच हाये. पण मुळापासून नाई, इथून." आणि खोडाला दीड हातावर बोट लावलं. मी सांगायच्या आधी लावलं.

कापलेल्या खोडाला उन्हाळाभर फुटी आल्या. काकांनी त्यातली पेन्सिलीएवढी जाड एक ठेवली, बाकीच्या खुडल्या. ऑगस्ट सरता सरता, पाऊस जरा उघडल्यावर, मी गांधीबागेतल्या शेठच्या वेलावरून काळीच्या काड्या आणल्या. शेठ म्हणाले, "ले जाओ, पर मुंडन मत करना." काकांना चाकू स्वतः चालवायचा होता. त्यांनी हातात घेतला, पण पातं सरळ चालेना. दोन मिनिटं प्रयत्न केला आणि चाकू माझ्याकडे देऊन म्हणाले, "तुमी करा. पट्टी मी बांधतो."

काडीला मी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप दिला, खुंटाच्या फुटीला मधोमध चीर दिली, काडी आत बसवली. काकांनी पट्टी बांधली. संत्र्याची बांधतात तशी, खालून वर, फेऱ्यावर अर्धा फेरा. मी तोंड उघडलं होतं, "काकाजी, द्राक्षाचं वेगळं..." आणि मिटलं. पट्टी उत्तम बसली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी चाकूवाल्याच्या मागे बसून पट्टी बांधली होती. त्या दिवशी चाकू माझा आणि पट्टी एका जुन्या बागवाल्याची होती. सासरे असते तर त्यांना दाखवलं असतं.

पुढचे दिवस मी फोन उशाशी घेऊन झोपले. पुन्हा मेलं तर? सतराव्या दिवशी सकाळी फोन वाजला. पलीकडून नुसतं, "बाई, फुटला." मी विचारलं, कुठून? "वरून जी! वरून! गाठीच्या वरून! प्रीतीले फोटो काढाले लावला, पाहून घ्या, नाहीतर पुन्हा म्हणान न पाहताच सांगितलं." हा टोमणा त्यांनी मला त्यानंतर किती वेळा मारला, ते मोजायचं मी सोडून दिलं आहे. प्रत्येक वेळी बरंच वाटतं.

गेल्या दसऱ्याला छाटणी होती. एवढा वाढवलेला वेल पुन्हा कापायचा म्हणजे संत्रेवाल्याच्या जिवावर येतं. कात्री हातात घेऊन काका बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, "मी करू का?" तर म्हणाले, "नाही. बरोबर कापून राहिलो की नाई, तेवढं पाहा. मात्र नीट पाहा." मी नीट पाहिलं. एकेका काडीवर ते थांबत, डोळे मोजत, माझ्याकडे पाहत, आणि मी मान हलवली की कापत. दुपार झाली. प्रीतीने दोनदा जेवायला बोलावलं, दोघांनीही ऐकलं नाही.

यंदाच्या होळीला बोलावणं आलं. मांडवाखाली अकरा घड होते. बुलबुलांपासून वाचवायला काकांनी त्यावर जुनी मच्छरदाणी पांघरली होती. त्यांनी ती बाजूला केली आणि पहिला घड तोडून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, आधी तुम्ही. त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं, डोळे मिटले, बिया तळहातावर काढल्या.

"आंबट हाये जरा," ते म्हणाले, आणि दुसरं टाकलं. मग तिसरं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाचा होता. काकांनी एका हाताने फोन कानाला लावला आणि ओरडून म्हणाले, "मंग बोल गा, मी द्राक्षं खाऊन राहिलो! काय? कोणत्या ओळीत? थांब, पान कोणत्या बाजूनं पिवळं हाये ते सांग आधी." आणि खाता खाता त्याला पानाचं समजावत बसले. प्रीती दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहून हाताने तासभराची खूण केली.

मी मांडवाखाली उभी होते. पाइपाला तो माझा बिल्ला अजून बांधलेला होता. पत्रा गंजला होता, पण खिळ्याने कोरलेलं "काळी" वाचता येत होतं. पाच वर्षं तो तिथे लटकून खोटं सांगत होता. निघताना मी तार सोडवायला हात वर केला. म्हटलं, "काकाजी, हा मी नेते. नवा करून देईन."

काकांनी फोनवर हात ठेवला.

"राहू द्या तिथंच," ते म्हणाले. "आता खरं बोलून राहिला तो."